बाणातला ण

नागभीडला शिक्षकांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी बजावलं, "ताण मनात साठवू नका. शाळेत कुणापाशी तरी मोकळेपणानं बोला." आमच्या शाळेत पहिली ते चौथीला मी एकटीच. बोलायला उरल्या खिचडी शिजवणाऱ्या कमलाबाई.

दुसऱ्या दिवशी चार वर्गांचा गलका, आणि त्यात तीन ऑनलाइन माहित्या 'आजच्या आज' भरायच्या. मी धीर करून म्हटलं, "कमलाबाई, खूप ताण आहे हो."

"मंग सांगाचं नाई का, मॅडम!" म्हणत त्या माठातलं गार पाणी घेऊन आल्या. आमच्या झाडीपट्टीत तहानेला 'तान' म्हणतात, हे पुण्याच्या बाईंना कोण सांगणार? कमलाबाईंनी माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला, गिलास दिला आणि तो रिकामा होईस्तोवर समोर बसून राहिल्या.

असं आठवडाभर चाललं. शेवटी फळ्यावर दोन्ही शब्द लिहून मी त्यांची शिकवणीच घेतली. "तान नाही हो, ताण! नळातला न नाही, बाणातला ण!"



"समजते मले," गिलास पुढे करत कमलाबाई म्हणाल्या. "पर बानाच्या तानेवर माह्यापाशी काई नाई, मॅडम. नळाच्या तानेवर आहे. प्या."