पान दोनशे बारा

"पान एकतीस," चष्मा नाकावर नीट बसवत तेओफिल वाचू लागला. "चार दिवस उपाशी असलेली मुलगी दोन पुरुष उंच भिंत चढते. अहो बाई, चार दिवसांचा उपाशी माणूस जिनासुद्धा चढत नाही."

वाचनालयात हशा पिकला. समोर टेबलाशी बसलेली लेखिका स्मारांदा व्लाइकूही हसली आणि तिने ते वहीत टिपून घेतलं. जुलमी राज्यात वाढणाऱ्या एका मुलीची तिची कादंबरी गावातल्या झाडून सगळ्या शाळकरी पोरांनी वाचली होती. ऐंशीच्या घरातल्या तेओफिलने ती आपल्या नातीकडून, इलिंकाकडून, मागून घेतली आणि त्याला पानापानाला तिडीक येऊ लागली. असं राज्य त्याने स्वतः भोगलं होतं. पोरांनी ते असल्या पुस्तकांतून शिकायचं, आणि पुस्तकात सगळं भलतंच. त्याने चुकांची यादीच केली.

पान चौपन्नवर पावाच्या रांगेतले लोक सरकारला मोठमोठ्याने शिव्या देत होते. पहाटे रांगेत माणसं असतात कुठे, असं तेओफिलने विचारलं. रांगेत पिशव्या असत, माणसं दुकान उघडायच्या वेळी येत. पान ऐंशीवर गावभर वीज गेलेली आणि नायिका लिफ्टने सातव्या मजल्यावर. आता मागच्या बाकावरची म्हातारी मंडळीही हसता हसता डोळे पुसू लागली होती.

पान एकशे सहावर नायिकेचे वडील टाइपरायटर माळ्यावर लपवत होते. यावर तेओफिलचा आवाज चढला. लपवणार कसा? दरवर्षी ते धूड उचलून पोलीस ठाण्यात न्यायचं आणि साहेबासमोर एक पान टाइप करून द्यायचं. प्रत्येक यंत्राच्या अक्षरांचा नमुना सरकारी कपाटात. यंत्र दुरुस्त केलं की पुन्हा नवा नमुना. त्याला हे ठाऊक असणारच. गावातले सगळे टाइपरायटर तोच दुरुस्त करत असे.

अठरावी चूक वाचून त्याने कागदाची घडी घातली. शेजारी बसलेली इलिंका म्हणाली, "आजोबा, दोनशे बारा राहिलं. वडिलांना गल्लीतला कॅमेरा पकडतो ते. तेव्हा कॅमेरेबिमेरे काही नव्हते, असं तुम्हीच म्हणता ना?"

"राहिलं असेल," म्हणत तेओफिल खाली बसला.

राहिलं नव्हतं. ते पान त्याने चार वेळा वाचलं होतं आणि चारही वेळा पेन्सिल खाली ठेवली होती.

स्मारांदाने वही मिटली. ती आता हसत नव्हती. व्लाइकू हे सासरचं नाव, असं तिने सांगितलं. तिचे वडील याच गावात गणित शिकवत, ग्रिगोरे ताऊत. मागच्या बाकावर कुजबुज झाली. ताऊत मास्तर अनेकांना आठवत होते. चौऱ्याऐंशी साली मास्तरांनी 'पाव कुठे जातो?' एवढंच टाइप केलेल्या चाळीस चिठ्ठ्या लोकांच्या टपालपेट्यांत टाकल्या. चार वर्षं तुरुंगात काढून आले, ते पुन्हा खडू हातात न घेताच गेले.

"ठाण्यातल्या नमुन्याशी चिठ्ठ्यांचं अक्षर जुळत नव्हतं," ती म्हणाली. "तरी पोलीस नेमके आमच्याच दाराशी आले. कसे, ते बाबांना मरेपर्यंत कळलं नाही. आईला वाटतं, तीच शेजारणीपाशी काहीतरी बोलून गेली. चाळीस वर्षं झाली, अजून तेच घोकत बसते. म्हणून मी कॅमेरा घातला. कुणा माणसावर तो दोष घालायला माझा हात धजेना."

नमुना का जुळला नाही, हे त्या खोलीत एकट्या तेओफिलला माहीत होतं. मास्तरांच्या यंत्राचं एक अक्षर तुटलं होतं. त्याने दुसऱ्या जुन्या यंत्राचं अक्षर घासून तिथे जोडलं. नव्या नमुन्यासाठी हे ओझं पुन्हा कोण वाहणार, असं मास्तर म्हणाले आणि त्यानेही ते सोडून दिलं. मैत्रीखातर.

महिन्याभराने एक अधिकारी त्याच्या दुकानात आला. कंटाळलेला होता. त्या चाळिसांतली एक चिठ्ठी समोर टाकून म्हणाला, बघ, कुणा अडाण्याने जोडलंय हे अक्षर. तेओफिलने भिंग डोळ्याला लावलं. त्याला ते झोंबलं. केसभरही वाकडं नाही, साहेब, तो म्हणाला, हे माझ्या हातचं काम आहे.

यंत्र कुणाचं, हे काढून घ्यायला साहेबाला दहा मिनिटं पुरली. तेओफिलला कुणी हात लावला नव्हता, धमकावलं नव्हतं. समोरचा चुकीचं बोलला आणि ते सुधारल्यावाचून त्याला राहवलं नाही, एवढंच. आयुष्यभर त्याने स्वतःला सांगितलं होतं की आज ना उद्या त्यांना कळलंच असतं. मास्तरांच्या बायकोचा विचार त्याने कधी केला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपला. लोक पुस्तकावर सही घ्यायला उठले. तेओफिलने इलिंकाकडे पेन्सिल मागितली, गुडघ्यावर यादीचा कागद ठेवून त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा स्मारांदा उठून उभी राहिली. इतक्या बारकाईने माझं पुस्तक अजून कुणी वाचलं नव्हतं, असं म्हणत तिने दोन्ही हातांनी यादी घेतली आणि उघडली. अठराव्या चुकीखाली पेन्सिलीने लिहिलेली आणखी एक ओळ होती.

'एकोणीस. पान दोनशे बारा. कॅमेरा नव्हता. तुमची आईही नव्हती. मी होतो.'