पंचावन्नचा काटा

"माझा पोरगा खोटं बोलत नाही!" मर्ना टॉलिव्हरने शेरीफच्या कचेरीतल्या टेबलावर मूठ आपटली, तशी डेप्युटी रस्कच्या कपातली कॉफी सांडली. "वेगाचा काटा पंचावन्नवर होता म्हणतो ना? मग पंचावन्नवरच होता."

"मिसेस टॉलिव्हर, ब्रेक मारल्यावर रस्त्यावर उमटलेले चाकांचे वळ मी स्वतः मोजलेत," रस्क कॉफी पुसत म्हणाला. "सत्तरच्या वर होता तो. उद्या कोर्टात कबूल केलं तर शिक्षा कमी होईल. खोटं रेटत राहिला, तर जज्ज त्याला सोडणार नाही."

मागच्या बाकावर अठरा वर्षांचा डाल्टन मान खाली घालून बसला होता. गेल्या महिन्यात ओढ्याजवळच्या वळणावर म्हातारा एमेट ऑर गुरं रस्त्यापलीकडे नेत होता आणि डाल्टनची पिकअप वेळेत थांबली नाही. एमेट जागच्या जागी गेला. त्या रस्त्यावर वेगाची मर्यादा पंचावन्न मैल. "मी काटा बघूनच चालवत होतो," एवढंच पोरगा तेव्हापासून सांगत होता. सगळ्या गावात ते खरं मानणारी त्याची आई तेवढी एकटी.

आणि तिला आता सगळ्या गावाचाच संताप आला होता. तशी हे वर्षभर ती कुणा ना कुणावर भडकलेलीच होती.

ती जुनी पिकअप तिच्या नवऱ्याची. तो असताना गाडी गुरांचा ट्रेलर ओढायची, म्हणून मागच्या एक्सलमध्ये ओढीचे गिअर होते. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या चार फेऱ्या. चढावर ताकद दांडगी, पण सपाट रस्त्यावर इंजिन नुसतं किंचाळायचं आणि पेट्रोल ढोसायचं. नवरा गेला, गुरं विकली. डाल्टन लांबच्या लाकूडगिरणीत कामाला जाऊ लागला. पोराचा पगार पेट्रोलातच जातो हे मर्नाला बघवेना. वसंतात तिने भंगारवाल्या हॉइटकडून दुसरा क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी चाकांची जोडी, आणला. चारच्या जागी तीन फेऱ्यांचा. हॉइटने सोबत कागदात गुंडाळलेलं एक बारकं प्लॅस्टिकचं चाक पुढे केलं होतं.

"हेपण बदल बरं का मर्ना, नाहीतर..."

"तू मला शिकवणार? तुला शेंबूड पुसता येत नव्हता, तेव्हापासून मी एक्सल उघडतेय!"

घरी येऊन तिने ते चाक खिळ्यांच्या डब्यात टाकलं आणि गोठ्यात एकटीने सगळं काम उरकलं. झकास झालं. इंजिनाचा आवाज निम्म्यावर आला.

पेट्रोल मात्र वाचेना. एका टाकीत मीटरवर मैल उलट कमीच पडायचे. पंपवाला मापात मारतो, म्हणून मर्ना त्याच्याशी कडाकडा भांडून आली. डाल्टन कामावरून लवकर घरी येऊ लागला, तेव्हा मुकादम त्याचे तास कापतो असं समजून तिने त्यालाही फोनवर झाडला. आणि आता हा रस्क.

"ऊठ," ती रस्कला म्हणाली. "तुझी टेप घे आणि चल माझ्यासोबत. त्याच वळणावर मी पंचावन्नवर ब्रेक मारते. मोज वळ. तेवढेच उमटले, तर तुझा सगळा हिशेब चुलीत घाल."

"आई, राहू दे ना," डाल्टन पुटपुटला. "त्याने एमेट परत येणार आहे का?"

"तू गप बस. तुझ्यासाठीच चाललंय हे."

तिघं पिकअपमध्ये बसले. समोरचा बंपर अजून वाकडाच होता. रस्ता मोकळा होता. मर्नाने काटा पंचावन्नवर आणला आणि तिथेच धरून ठेवला. "बघ, नीट बघ!" ती ओरडली. रस्कने काट्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, आणि एका हाताने दरवाजाची मूठ घट्ट धरली. ओढा आला. मर्नाने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला.

रस्कने टेप लावली. एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"बोल ना! दातखीळ बसली का?"

"तेवढेच आहेत," रस्क म्हणाला. "जुन्या वळांइतकेच."

"बघ!" मर्नाला रडू फुटलं, तरी आवाज चढलेलाच होता. "पोरगा माझा गळ्याला हात लावून सांगत होता, आणि तुम्ही सगळे त्याला खोटारडा म्हणत होता! मान्य कर, तो खरं बोलत होता!"

"मान्य आहे. डाल्टन खरं बोलत होता." रस्क हळूहळू टेप गुंडाळत होता. "पण आत्ता आपण पंचावन्नवर नव्हतो, मिसेस टॉलिव्हर. सत्तरच्या पुढे होतो. खोटं काटा बोलतोय."

तो गाडीखाली वाकून बघून आला.

"एक्सलचे गिअर बदललेत हिचे. काटा चाकाच्या नाही, शाफ्टच्या फेऱ्या मोजतो; म्हणून गिअर बदलले, की काटा फिरवणाऱ्या तारेचं ते बारकं प्लॅस्टिकचं चाकही बदलावं लागतं, नाहीतर गाडी पळते जास्त आणि काटा दाखवतो कमी. ते चाक बदललं असतं, तर एमेट आज जिवंत असता." त्याने खिशातून वही काढली. "कुणी केलंय हे काम?"

मर्नाला खिळ्यांच्या डब्यात टाकलेलं ते चाक आठवलं आणि तिने तोंड उघडलं.

"मी केलं," डाल्टन म्हणाला. "आईला यातलं काही माहीत नाही."