फ्यूज तनुजाकडे

“तुम्ही लावताय, की मी लावू?”

सोसायटीचे सेक्रेटरी आपटे मीटर रूमच्या दारात येऊन उभे राहिले होते. तनुजानं उजवा हात खिशातून काढला नाही. खिशात लिफ्टचे तिन्ही फ्यूज होते. ते तिथे होते तोवर कर्वेनगरातल्या त्या पाच मजली इमारतीची लिफ्ट जागची हलणार नव्हती.

“काका, आमचे सर्जेराव काका आत काम करतायत. लिफ्टच्या टपावर. ते स्वतः सांगेपर्यंत मला लावता येत नाहीत.”

“आत आहेत, तर बोलत का नाहीत? मौन धरलंय का?”

पंचाईत तीच तर होती. सर्जेराव लिफ्ट कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक, आणि तनुजा त्यांच्या हाताखाली शिकणारी. सकाळी टपावर उतरण्याआधी त्यांनी तिला फ्यूज काढायला लावले आणि बजावलं, “हे तुझ्या खिशात. बोर्डापासनं हलू नको. मी माझ्या तोंडानं सांगितल्याबिगर कुणाच्या बापाचं ऐकू नको.” लिफ्टवाल्यांची ही रीतच आहे. टपावर माणूस असताना खाली कुणी वीज सोडली आणि वर कुणी बटण दाबलं, की आटोपलंच. बराच वेळ वरून ठोकाठोकी ऐकू येत होती, मग ती एकाएकी थांबली. तनुजानं घसा फोडून हाका मारल्या, फोन लावला. तो बंद. आत डोकावून बघावं, तर दारं बाहेरून उघडायची किल्ली सर्जेरावांच्याच कमरेला.

फाटकाशी गाडीत आपट्यांच्या आई, श्यामलाबाई, बसून होत्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन आजच घरी आलेल्या, आणि घर पाचव्या मजल्यावर. उन्हानं म्हातारीचा जीव अगदी कासावीस झाला होता. तनुजाला तिकडे बघवत नव्हतं.

वॉचमन महिपती सगळ्या मजल्यांवरची दारं बडवून आला. “कुणी ओ देत नाही, साहेब. चहाला गेले असतील.”

“झालं! चहाला गेलेत ते,” आपटे म्हणाले आणि तिथेच फोन काढून लिफ्ट कंपनीला लावला. एकानं ‘असतील’ म्हटलं, दुसऱ्यानं त्याचं ‘गेलेत’ करून टाकलं, जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. उत्तर नाही म्हणजे माणूस नाही, असं सगळे धरून चालले होते. तनुजाच्या मनात भलतंच आलं. चक्कर येऊन आत पडले असतील तर?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीचे मॅनेजर रविराज सर.

“तनुजा, फ्यूज लाव. सर्जेराव चहाला गेलेत.”

“सर, तुमचं बोलणं झालं त्यांच्याशी?”

“आपट्यांनी सांगितलंय मला.”

“आणि आपटे काकांना कुणी सांगितलं, सर?”

“हाच, हाच तुझा प्रॉब्लेम आहे! प्रत्येक गोष्टीत का, कुणी, कशावरून! उद्या प्रोबेशन संपतंय ना तुझं? कन्फर्मेशनचं लेटर माझ्यासमोर आहे. त्यावर सही करू की फाडू, ते तूच सांग.”

‘पोरगी लिफ्ट दुरुस्त करणार?’ म्हणून फिदीफिदी हसणारे सगळे काका-मामा तनुजाच्या डोळ्यांपुढून गेले. आता उद्यापासून घरी बसलं, की त्यांचंच खरं. लावून टाकावेत झालं. एवढे सगळे म्हणतायत, मग आपलीच काय मेली अक्कल मोठी? तिनं एक फ्यूज खिशातून काढलासुद्धा. मग वरच्या त्या अंधाराची तिला धडकी भरली आणि तिनं तो परत खिशात टाकला.

“नाही, सर. काकांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही.”

फोन कट झाला.

“महिपती,” आपटे गरजले, “शेजारच्या बी विंगच्या लिफ्टचे फ्यूज काढून आणा. आमच्या लिफ्टला आमचेच लावू!”

तनुजा बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. “आधी मला बाजूला करावं लागेल,” ती म्हणाली. आवाज रडवेला निघाला, पण ती हलली नाही.

महिपती फ्यूज घेऊन परत आला, आणि त्याच्या मागोमाग फाटकातून सर्जेराव. हातात नव्या बोल्टची पुडी.

“एवढी गर्दी कशापायी? बोल्ट झिजला हुता. चौथ्यावर बाहेर निघालो अन् मागच्या जिन्यानं दुकानात गेलो. फोनचा बी जीव गेलाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. “घ्या!” आपटे म्हणाले. “ज्यांच्यासाठी आमच्या आईला उन्हात भाजलं, ते बाजारहाट करून आले!” तनुजाला कुठे तोंड लपवू असं झालं. सर्जेरावांचा संतापही आला. सांगून जायला काय झालं होतं यांना?

आपट्यांनी पुन्हा रविराज सरांना गाठलं, सगळा प्रकार ऐकवला आणि फोन स्पीकरवर टाकून सर्जेरावांपुढे धरला.

“माणूस बाहेर फिरतोय आणि ही क्लायंटशी हुज्जत घालतेय! सर्जेराव, तिला आत्ताच्या आत्ता ऑफिसला पाठवा. असली माणसं मला नकोत.”

“चूक माझी हाय, साहेब. सांगून जायला पायजे हुतं.”

“ते नंतर बघू. तिला पाठवा.”

सर्जेरावांनी बोर्डाला चिकटून उभ्या असलेल्या तनुजाकडे बघितलं. मग महिपतीच्या हातातल्या बी विंगच्या फ्यूजकडे बघितलं. पुडी खिशात टाकली.

“पाठवतो की,” ते म्हणाले. “मग उद्यापासनं टपावर तुम्ही चढा, साहेब. खाली फ्यूजपाशी आपटे साहेबांना उभं करू.”