दुसरी पुंगळी

अ‍ॅलनने गाल रायफलच्या दस्त्याला टेकवला आणि त्याच क्षणी शेजारच्या चटईवर पालथ्या पडलेल्या श्रीनिवासला स्वतःच्या हातातल्या काडतुसावरची निळी झाक दिसली.

झाक असणारच होती, पण फक्त तोंडाशी. बंदुकीतून चार-पाचदा उडाली की काडतुसाची पितळी पुंगळी कडक होते, तडकते. म्हणून श्रीनिवास रिकाम्या पुंगळ्या ट्रेमधल्या पाण्यात उभ्या करून ब्लोटॉर्चने त्यांची तोंडं तापवून मऊ करी आणि मग त्यांत दारू आणि गोळी नव्याने भरी. बूड पाण्यात थंडच राहायला हवं. ते मऊ पडलं तर पुंगळी फाटते आणि जाळ उलटा नेमबाजाच्या तोंडावर येतो. या काडतुसावरची झाक पार बुडापर्यंत उतरली होती. गॅरेजच्या पिवळ्या बल्बखाली ती दिसली नव्हती. जूनच्या उन्हात लख्ख दिसत होती.

त्याला बुधवार आठवला. ट्रेमध्ये पाणी कमी होतं, पहिल्या दोन पुंगळ्या बुडापर्यंत तापल्या. टाकून द्यायच्या म्हणून त्याने त्या बाजूला ठेवल्या. तेवढ्यात हॉस्पिटलच्या वॉर्डातून फोन आला. तीन तासांनी परतल्यावर टेबलावरच्या सगळ्या त्याने एकत्र गोळा केल्या होत्या.

त्याने घाईघाईने आपला डबा तपासला. दुसरी त्यात नव्हती. चाळीस भरली होती, वीस स्वतःला, वीस अ‍ॅलनला. म्हणजे दुसरी अ‍ॅलनकडे होती.

अ‍ॅलन या संघाचा कप्तान. विमानाच्या कारखान्यातला जुना इंजिनिअर. डॉक्टर श्रीनिवास टिपणीस ब्रिस्टलच्या या नेमबाजी क्लबात आला तेव्हा दोन वर्षं त्याच्या टेबलाशी चहाला कुणी बसलं नव्हतं. मग एका शनिवारी त्याने स्वतः भरलेली वीस काडतुसं अ‍ॅलनपुढे ठेवली, आणि अ‍ॅलन "लव्हली जॉब, डॉक" म्हणून ती घेऊन गेला. गेली चार वर्षं प्रत्येक मॅचच्या आधी एक डबा जात होता. दारूचा कण न् कण तोलणाऱ्या नवऱ्याला बायको, सुमेधा, म्हणायची, "अहो, पेशंटचं औषधसुद्धा इतकं मोजत नसाल." तो नुसता हसायचा. त्या डब्यामुळेच आपण क्लबातले झालो, असं त्याला वाटे.

कानांवर आवाज अडवणारे मफ असलेल्या माणसाला हलक्या आवाजात काही सांगता येत नाही. मोठ्याने "स्टॉप" म्हटलं की सगळी रेंज थांबते, मॅचमधले दोन्ही संघ वळून बघतात.

अ‍ॅलनचं बोट चापावर गेलं.

"स्टॉप," श्रीनिवास ओरडला.

रेंज थांबली. रेंजचा ऑफिसर लाल झेंडा घेऊन आला. गुडघ्यांवर उठत श्रीनिवास सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक माझी आहे. मी दोन खराब पुंगळ्या भरल्यात. एक ही. दुसरी अ‍ॅलनच्या डब्यात आहे. अ‍ॅलन, रायफल रिकामी कर."

अ‍ॅलनने काडतूस काढलं. श्रीनिवासने त्याचा डबा पुढे ओढला आणि एकेक काडतूस उचलून पाहिलं. एकावरही झाक नव्हती. तोंडाशीसुद्धा नाही.

"ही माझी नाहीत," तो म्हणाला.

अ‍ॅलनची मान लाल झाली. "मॅच संपू दे. मग बोलू."

श्रीनिवासने स्वतःचं नाव मागे घेतलं. संघ नऊ गुणांनी हरला.

कारपाशी सुमेधा फ्लास्कमधला चहा ओतत होती तेव्हा अ‍ॅलन आला. त्याने टोपी काढली.

"तुझं एकही काडतूस मी कधी उडवलं नाही, डॉक. चार वर्षांचे सगळे डबे माझ्या सेफमध्ये आहेत."

इतक्या वर्षांत जो प्रश्न श्रीनिवासने तिथे कुणालाच विचारला नव्हता, तो आता तोंडातून निघाला. "मी इंडियन म्हणून?"

"नाही." अ‍ॅलनने मान हलवली. "बहात्तर साली एका मित्राने भरलेलं काडतूस माझ्या तोंडाशी फुटलं. दोन महिने या डोळ्याने दिसत नव्हतं. दारू जास्त पडली हे त्याला ठाऊक होतं. संघासमोर बोलायची लाज वाटली म्हणून गप्प राहिला. तेव्हापासून मी कुणाच्या हातचं वापरत नाही. तू मात्र इतक्या मनापासून आणायचास, की नको म्हणवेना."

सुमेधाने तिसरा कप भरला आणि अ‍ॅलनच्या हातात दिला. कारच्या दाराला टेकून त्याने एक घोट घेतला.

"उद्या सकाळी तू दिलेला शेवटचा डबा घेऊन तुझ्याकडे येतो," तो म्हणाला. "ती खराब पुंगळी दोघं मिळून शोधू. उरलेली एकोणीस पुढच्या शनिवारी मी उडवणार आहे."