डावी खिडकी

नोरीनच्या खिडकीपुढची रांग जेवणाच्या हॉलमधून बाहेर पटांगणात गेली होती. ग्लेनिसच्या खिडकीपुढे एकच माणूस उभा होता, तोही मोबाइलवर बोलायला. त्याला कस्टर्ड नको होतं.

शाळेला साठ वर्षं झाली म्हणून जुन्या मुलांना बोलावलं होतं. मुलं म्हणजे पोटं सुटलेली, पंचावन्नच्या पुढची. त्यांना जुनंच जेवण, तेही जुन्याच हातांनी वाढायचं, ही नव्या मुख्याध्यापिकेची कल्पना. म्हणून दोघी म्हाताऱ्यांना ॲप्रन घालून स्वयंपाकघराच्या त्याच दोन खिडक्यांत उभं केलं होतं. उजवी नोरीनची, डावी ग्लेनिसची. दोन्हीकडे तोच जॅमचा केक आणि तेच गुलाबी कस्टर्ड.

"अगंबाई, सायमन ना तू? केस कुठे ठेवून आलास रे?" पलीकडे नोरीन खिदळली. वय अठ्ठ्याहत्तर, पण लिपस्टिक सुटली नव्हती. सगळी रांग हसली.

तेव्हाही असंच असायचं. नोरीन पोरांना डोळा मिचकावायची आणि पोरं पाघळायची. ग्लेनिसने वीस वर्षांत कुणाला डोळा मिचकावला नाही, पण तिच्या खिडकीवरून कुणी अर्धपोटी गेलं नाही. केकच्या कोपऱ्यात जॅम जास्त साचतो. ते कोपरे ती हिरव्या तिकिटांसाठी राखून ठेवायची. पैसे भरणाऱ्यांची तिकिटं पिवळी, ती नोरीनकडे जायची. ज्यांच्या घरी बाप बेकार किंवा बापच नाही, त्यांची हिरवी, फुकटची. ती डावीकडे. कोळशाची खाण बंद पडली त्या वर्षी हिरव्यांची रांग दुप्पट झाली होती. नियम शाळेचा होता, ग्लेनिसचा नव्हे.

आजही तिने चार कोपरे बाजूला काढले होते. कस्टर्डवर साय धरायला लागली.

समोरच्या रांगेत तिला तिची मुलं दिसत होती. ती बेव्हर्ली, दोनदा मागून घ्यायची, आता अंगावर कसला भारी कोट! तो लांब मानेचा क्रेग. त्याच्यामागे ते जुळे. सगळे नोरीनच्या रांगेत. एकाचीही मान इकडे वळत नव्हती. पिवळ्यांनी जावं तिकडे, त्याचं काही नाही. पण माझी? माझ्या हातचं खाऊन वाढलेली? एकाने यावं, फक्त एकाने. मग बाकीची शाळा नोरीनने खुशाल घ्यावी.

न राहवून तिने पळी पातेल्यावर आपटली.

"बेव्हर्ली! क्रेग! अरे इकडे या की! तुम्ही इकडचे ना? इथे कुणीच नाहीये!"

सगळ्या माना इकडे वळल्या. बेव्हर्ली पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"इकडचे म्हणजे?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"काही नाही रे. चल पुढे."

जुळ्यांपैकी एकजण छताकडे बघत राहिला. क्रेगने मात्र मागच्याला जागा धरायला सांगितली आणि तो डाव्या खिडकीशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मिसेस क्रॉसली, तुमचे ते कोपरे मी विसरलेलो नाही."

"मग घे ना बाळा. काढून ठेवलेत."

"नको." तो ओशाळून हसला. "पाच वर्षं मी इथे उभा राहिलो. सगळी शाळा बघायची. रोज वाटायचं, एकदा तरी त्या रांगेत उभं राहायला मिळावं. आज मिळालंय. राहू द्या मला."

तो परत आपल्या जागेवर गेला.

ग्लेनिसने पळी पातेल्यात ठेवली. या खिडकीतून तिला वीस वर्षं फक्त पुढे आलेली ताटं दिसली होती.

मग तिने ॲप्रन सोडला, खिडकीची लाकडी झडप ओढून घेतली, आणि एक रिकामा वाडगा उचलून मागच्या दाराने बाहेर पडली. पटांगणाला वळसा घालून ती रांगेच्या शेपटाशी जाऊन उभी राहिली. आतून नोरीनचं हसणं इथवर ऐकू येत होतं.

पुढचा गृहस्थ टाचा उंचावून आत डोकावत होता. तिच्याकडे वळून म्हणाला, "केवढी ही रांग! आपल्यापर्यंत पुरेल का हो?"

"पुरेल," ग्लेनिस म्हणाली. "नोरीनचा हात पहिल्यापासून आखडता आहे."