पाच फुटांसाठी नाही

मागच्या ट्रकवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न दिला, तरी मास्तरीणबाईंनी गाडी हलवली नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, दोन्ही हात मांडीवर. पुढची रांग पाच फूट सरकली होती.

“आई, घे ना पुढे,” शेजारी बसलेला मुलगा म्हणाला.

“पाच फुटांसाठी नाही हलत मी.”

“लोक शिव्या घालतायत.”

“घालू देत. शिव्यांनी क्लच झिजत नाही.”

एक स्कूटरवाला बाजूने येऊन त्या पाच फुटांत घुसला आणि वळून आत बघून हसला. मुलाने कपाळावर हात मारला. रांग आणखी सरकली, पुढे चांगली दोन गाड्यांची जागा झाली. मग बाईंनी स्टिअरिंगमागची उजवी पट्टी ओढली, पहिला गिअर पडला, आणि गाडी एका दमात निघून एका दमात थांबली. पुन्हा न्यूट्रल.

तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊंशेजारी बसून ‘क्लच सोड, क्लच सोड’ असं ओरडलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर घेतली ती ही दोन सीटची लाल स्पोर्ट्‌स कार. हिला क्लचचं पेडलच नव्हतं. क्लच होता, पण तो गाडी स्वतः दाबायची आणि स्वतः सोडायची.

“निघायचं तर निघायचं, थांबायचं तर थांबायचं,” त्या म्हणाल्या. “सरपटत राहिलं की आत प्लेट घासत बसते. मधलंच हिला खातं.”

“तुझ्या वयाच्या बायका मागच्या सीटवर बसतात, आई.”

“या गाडीला मागची सीट नाही.”

मुलाने घड्याळ बघितलं. वाद घालायची त्याला घाई नव्हती. मागच्या वर्षी वर्कशॉपच्या कॉम्प्युटरने क्लच पंचावन्न टक्के झिजल्याचं दाखवलं होतं आणि फोरमन म्हणाला होता, असाच वापर राहिला तर वर्षभरात संपेल. त्याच दिवशी आईने शब्द दिला होता: ऐंशीच्या वर आकडा गेला की गाडी विकायची. आज तीच तपासणी पुन्हा होती, आणि गिऱ्हाईक दोन वाजता वर्कशॉपवरच येणार होतं. हे त्याने आईला अजून सांगितलं नव्हतं.

वर्कशॉप एका इमारतीच्या तळघरात होतं. रस्त्यावरून खाली जाणारा एकच उतार. आत वळवायला जागा नाही, म्हणून गाडी तोंडाने उतरायची आणि उलटी वर चढायची. बाई खाली उतरल्या, पिवळ्या रेघेवर नेमकी गाडी लावली आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

फोरमन आला. हाही त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. त्याने डॅशबोर्डखाली वायर जोडली, लॅपटॉप बॉनेटवर ठेवला. मुलगा त्याच्या खांद्यावरून वाकला. फोरमनने आकडा वाचला, वायर काढली, फुंकर मारून परत जोडली आणि पुन्हा वाचला.

“अठ्ठावन्न.”

“अठ्ठ्याऐंशी असेल,” मुलगा म्हणाला.

“अठ्ठावन्नच आहे, साहेब. वर्षात तीन टक्के.” फोरमनने कान खाजवला. “मास्तरीणबाई, गाडी चालवली की नुसती पुसली?”

“रोज भाजी आणते तिच्यातून. किलोमीटर बघ की.”

त्याने बघितले, भरपूर होते, आणि लॅपटॉप मिटून उचलला. मुलगा फोन घेऊन खांबाच्या आड गेला. “आज येऊ नका... नाही, पुढच्या महिन्यातही नको,” एवढं बाईंना ऐकू आलं. तो परत आला तेव्हा त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

“कुणाला बोलावलं होतंस?”

“कुणाला नाही.” मग त्याने मान खाली घातली. “अगं, काळजी वाटते म्हणून. बरं, एक वर्ष मिळालं ना तुला?”

“मिळालं नाही. राखलं.”

फोरमनने चावीसाठी हात पुढे केला. “उतरा बाई, मी काढून देतो वर.”

“रिव्हर्समध्ये?”

“दुसरा रस्ता कुठाय?”

“उलटी, चढावर, इंचाइंचाने. वर्षभर जे राखलं ते इथेच घासायचं?” त्यांनी चावी फिरवली, दोन्ही पट्ट्या एकदम ओढल्या, न्यूट्रल आल्याचं बघितलं आणि इंजिन बंद केलं. “ढकला.”

“काय?”

“मागच्या वर्षी तूच चढवलीस, तो जळक्या क्लचचा वास मला घरापर्यंत आला. माणसं बोलाव. ढकला.”

फोरमन मुलाकडे बघून म्हणाला, “साहेब, मला लायसन्स यांनी चौथ्या वेळेला मिळवून दिलं. यांच्याशी वाद घालायची माझी पोच नाही.” आणि त्याने बाह्या सरसावल्या. तीन मेकॅनिक आले. मुलाने इस्त्रीच्या शर्टाकडे एकदा बघितलं, तळहात बॉनेटवर टेकले आणि बूट फरशीत रोवले.

गाडी हलली. पाच जणांचे चेहरे काचेपलीकडे लाल होत गेले. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मान मागे वळवून रस्ता बघत होत्या, एक हात स्टिअरिंगवर, एक हँडब्रेकवर.

चढ निम्मा झाला तेव्हा मुलाला धाप लागली. “आई, जरा टेकू दे गं. एक मिनिट.”

“मधे थांबायचं नाही,” त्या वळून न बघताच म्हणाल्या.

वर रस्त्यावर गाडीची लाल पाठ बाहेर आली तसा कुणीतरी जोरात हॉर्न दिला. बाईंनी स्टिअरिंगवरचा हात उचलून खिडकीबाहेर काढला आणि शिकवताना दाखवायच्या तसा, सरळ, पंजा उघडा, येणाऱ्यांपुढे धरला.

रहदारी थांबली.