मधल्या मापाचा डूडल

दोन हजार सोळा साली शशीताईंच्या घरात कुरळ्या केसांचा डूडल कुत्रा घ्यायचं ठरलं. एकदा पडल्यापासून ताईंनी एकटीनं बाहेर जाणं सोडलं होतं.

"अहो आई, लहान मापाचा घेऊ. मांडीवर बसेल," सून म्हणाली.

"म्हणजे तो बसला की मीही बसले!"

पिल्लं विकणाऱ्याच्या अंगणात ताईंनी तिन्ही मापांची पूर्ण वाढलेली कुत्री पारखली. लहान्याला हात लावायला वाकावं लागलं. थोराड कुत्र्यानं लाडानं धक्का देऊन त्यांनाच खुर्चीत बसवलं. मधल्याच्या पाठीवर मात्र तळहात आपसूक टेकला.

"याच्या मापाचं पिल्लू द्या. वाढलं की आम्ही दोघं मंडईत जाऊ."

पुढे मुलगा-सून मस्कतला गेले. ताई ऐंशीच्या झाल्या. मंडईतल्या भाजीवाल्या आधी कुत्र्याला गाजर देतात, मग ताईंना भाव सांगतात.